चार वाजताची भिंत

आमच्या वन्संना मी पन्नास वर्षं ओळखते. त्यातली एकोणपन्नास वर्षं मी त्यांना थोड्या खुळ्या समजत होते. उरलेल्या एका वर्षाबद्दल लिहिते आहे, कारण त्या वर्षात खुळं कोण होतं ते मला कळलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून मात्र वर्षभराने मोठ्या, आणि ते वर्ष त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. लग्न केलं नाही. मी नवी नवी असताना एकदा धीर करून विचारलं होतं. म्हणाल्या, "एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता. पण हिरव्या शर्टावर हिरवा स्वेटर घालून आला. ते दोन हिरवे बसल्याबसल्या एकमेकांशी भांडत होते. जन्मभर ते भांडण कोण ऐकणार?" मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हत्या करत.

एकतीस वर्षं त्या भिंतीच्या रंगाच्या कारखान्यात होत्या. दुकानात रंग घ्यायला गेलं की आपल्यासमोर तो घडीचा कागद टाकतात ना, बारीक बारीक रंगीत चौकोनांचा, तो त्यांच्या हाताखालून जायचा. मूळ चौकोन एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला, मध्ये करड्या कागदाची खिडकी, आणि वन्सं एक डोळा मिटून सांगणार, पास की नापास. साहेबांनी रंगांना 'पहाटेची साय', 'मोरस्वप्न' असली नावं दिलेली असायची. वन्सं हसायच्या. "भिंतीला लागला की नाव गळून पडतं, वहिनी. मोरस्वप्न पिवळ्या पडद्याशेजारी लाव, शेवाळ होतं."

नोकरी संपल्यावर माणसं बसून राहतात, नाहीतर गुडघे मोजत बसतात. वन्संनी लाकडी फळ्या आणल्या, रंगाच्या नळ्या आणल्या आणि चौकोन रंगवायला लागल्या. झाड नाही, माणूस नाही, मडकंसुद्धा नाही. नुसते चौकोन. गल्लीत त्यांचं नावच चौकोनबाई पडलं. माझा नवरा म्हणायचा, "बाईसाहेबांनी कारखाना घरी आणला." तो गेला त्याला आता आठ वर्षं झाली. तेव्हापासून दोन खोल्यांत आम्ही दोघीच. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी माझं रफूचं काम, आतल्या खोलीत त्यांचे चौकोन.

मी रफूवाली. शाळा चौथीपर्यंत, पण धाग्यात मला कोणी फसवू शकत नाही. कोट जळला, शालीला उंदीर लागला, की समोरचा लॉन्ड्रीवाला माझ्याकडे पाठवतो. वडिलांनी शिकवलेलं एकच सूत्र: धागा कापडावर आडवा ठेवायचा, डोळे किलकिले करायचे. धागा दिसेनासा झाला की जमला. दिसला की दुसरा घ्यायचा. माझ्या पेटीत दोनशेच्या वर रिळं आहेत आणि त्यातली दीडशे लोक ज्याला नुसतं करडं म्हणतात त्या रंगाची आहेत.

वन्संची चित्रं कशाची ते मात्र मला कळायचं नाही. एकदा विचारलं, तर त्यांनी आतल्या खोलीतल्या दाराशेजारच्या भिंतीकडे बोट केलं.

"ही?"

"हीच."

"पांढरी भिंत?"

"पांढरी कुठे आहे?"

मी विषय सोडून दिला. वाद घालायचा तर समोरचं माणूस आपल्या गावचं तरी असावं. ती पांढरी भिंत वन्सं सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत, एकेका तासाची एकेक अशी काढत होत्या. अशी बारा चित्रं. एकेकाला सहा-सहा महिने. अकरा झाली होती. चारचं राहिलं होतं. चारचा उजेड हट्टी, म्हणायच्या, हाताला लागत नाही. ती अकरा कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा केलेल्या पोरांसारखी.

मग एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "वहिनी, पिवळा दिवा कशाला लावलास?"

दिवा लागलेलाच नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. वन्सं गेली काही वर्षं सगळं जग चहाच्या गाळलेल्या पाण्यातून बघतायत. काढून टाकू, अवघड नाही, पण रक्तातली साखर खाली आल्याशिवाय हात लावणार नाही. दोन महिने तरी.

"दोन महिने थांबते की," वन्सं म्हणाल्या. "चारचा उजेड कुठे पळतोय?"

त्याच आठवड्यात समोरच्या मोकळ्या जागेवर विटांचा ट्रक आला.

खांब तर आधीपासून उभे होते, पण वर्षभर काम बंद होतं, म्हणून आम्ही ते कपडे वाळत घालायचे खांब समजून चाललो होतो. आता भिंती चढायला लागल्या. तिसऱ्या मजल्याच्या भिंती झाल्या की आमच्या खिडकीतलं तिसऱ्या प्रहरचं ऊन कायमचं बंद. हे वन्संना माझ्याआधी कळलं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पलीकडे बांबूच्या परांचीवर एक गवंडी विडी ओढत बसला होता.

"काय हो, तिसरा मजला कधी?"

"घर घ्यायचंय का, आजी?"

"घर आहे मला. कधी ते सांगा."

"धरा दहा दिवस."

वन्सं खिडकीतून वळल्या आणि खाटेवर बसल्या. डोळे सुधारायला दोन महिने, उजेड जायला दहा दिवस. मी चहा दिला, तो निवला. मी या बाईला नवऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या भावाच्या, दहाव्यालासुद्धा ताठ बसलेली पाहिली होती. आज पाठ वाकली होती.

मग म्हणाल्या, "तुझी रिळं आण."

त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर चौकोन आखले. सात आडवे, नऊ उभे, एकूण त्रेसष्ट. तेवढेच मी लॉन्ड्रीवाल्याच्या शर्टाच्या पुठ्ठ्यावर आखले. वन्संचं म्हणणं असं, की चार वाजता प्रत्येक चौकोनाचा जो रंग असेल त्याचा धागा मी शोधायचा आणि पुठ्ठ्यावर त्याच जागी टाका घालायचा. उजेड गेला तरी टाके राहतील. त्यावरून त्या रंगवतील.

"तुझ्या डोळ्यांचा मला भरवसा नाही," म्हणाल्या, "पण तुझ्या रिळांचा आहे."

"रिळं काय आपली आपण उठून बघणार आहेत?"

"बघ म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी चारला वन्सं डॉक्टरीणबाईंकडे साखर तपासायला गेल्या होत्या. मी पेटी घेऊन भिंतीपाशी उभी राहिले, वडिलांनी शिकवलं तसा धागा भिंतीवर आडवा ठेवला, डोळे किलकिले केले. तिसऱ्याच धाग्याला जमलं. साधा सायीसारखा पांढरा. पहिल्या चौकोनात दिसेनासा, दुसऱ्यात दिसेनासा, त्रेसष्टाव्यातही दिसेनासा. अर्ध्या तासात मी सगळा पुठ्ठा एकाच रिळाने टाचून टाकला. मनात म्हटलं, बघा, एवढ्यासाठी ही बाई डोळे फोडून घेत होती.

वन्सं आल्या. पुठ्ठा हातात घेतला, नाकाला लावला, बोट फिरवलं.

"एकच रीळ?"

"पांढरी भिंत ती पांढरी भिंत. मी म्हणतच होते."

मला वाटलं रागावतील. त्या हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि त्यातलं हसू कुठे संपलं ते मला कळलं नाही. दहातला एक दिवस मी वाया घालवला होता.

"अगं, भिंतीला टेकवलास तर धागा आणि भिंत दोघं एकाच उजेडात भिजतात. भिंत जांभळी झाली की धागाही जांभळा. मग तुला फरक कळणार कसा? धागा कोरडा ठेव. इथे, स्टुलावर बस. हात लांब कर. तुझ्या हातावर बाहेरच्या खोलीतला साधा उजेड पडतो, तो बदलत नाही. एक डोळा मीट आणि धाग्याच्या कडेने भिंतीकडे बघ."

पुढचे दोन दिवस आभाळ भरून आलं. वन्सं खिडकीत बसून आभाळाला काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. चारला दहा कमी असताना मी वन्संच्या स्टुलावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. तोच सायीचा धागा हातात धरून हात लांब केला, एक डोळा मिटला आणि भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

धागा पिवळाधमक दिसला. म्हणजे धागा होता तसाच होता. भिंत पांढरी नव्हती.

"काय?" वन्संनी विचारलं.

मी दुसरं रीळ घेतलं, तिसरं घेतलं. शेवटी धागा नाहीसा झाला तेव्हा हातात काय होतं बघितलं, तर वांग्याच्या फुलावर दव पडावं तसा, जांभळट राखाडी. हा धागा मी एका बाईच्या बारशाच्या शालीला वापरला होता. पांढऱ्या भिंतीवर तो होता, आणि तो तिथे इतकी वर्षं रोज चार वाजता येऊन बसत होता, आणि मी त्याच्यासमोर तांदूळ निवडत होते.

"जांभळा," मी म्हटलं.

"समोरच्या गच्चीवरच्या निळ्या टाकीचा तो," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "खाली ये. खाली लाल फरशी भिंतीवर चढते."

खरंच चढत होती. जमिनीलगतच्या चौकोनात गुलाबी धागा नाहीसा झाला, बाळाच्या टाचेचा गुलाबी. दाराच्या बाजूला माझ्याच हिरव्या पातळाची छाया होती, मी हलले की हलत होती. वन्सं ओरडल्या, "हलू नकोस, भिंत बिघडवतेस." मी हलले तर भिंत बिघडते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वैद्याकडे नेलं असतं.

वीस मिनिटांत ऊन सरकलं. जेमतेम सात चौकोन झाले होते. एक ओळ. त्या रात्री जेवताना मी भात बघत बसले. वन्सं म्हणाल्या, "जेव. तो पांढरा नाही हे मला माहीत आहे."

अशी रोज एक ओळ. ओळी नऊ आणि तो पहिला दिवस धरून दिवस सात, म्हणजे दोन दिवस कमी. सहाव्या ओळीच्या दिवशी वन्संनी पुन्हा खिडकीतून डोकं काढलं. परांची आता आमच्या बरोबरीला आली होती.

"काय हो, तो उजवीकडचा कोपरा शेवटी बांधता येतो का?"

"का?"

"तिथून आमच्या भिंतीवर उजेड येतो."

गवंड्याने वळून त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "भिंत सुकवायचीय का?"

"चित्र काढायचंय."

"कशाचं?"

"भिंतीचं."

त्याने हातातली थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी आयुष्यभर भिंती बांधतोय, आजी. चित्र काढावं अशी एक नाही बांधली." आणि खाली मुकादमाला ओरडून सांगितलं, की उजवा कोपरा ओळंब्यात नाही, तिरका जातोय, परत बघायला लागेल. दोन दिवस तो तो कोपरा परत बघत होता.

त्रेसष्टावा टाका मी घातला तेव्हा पुठ्ठ्यावर एकूण एकेचाळीस वेगवेगळे धागे होते. तिसऱ्या दिवशी कोपरा भरला. चार वाजता खोली विहिरीसारखी झाली. मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटलं. भिंत आता खरोखरच पांढरी होती, मेल्यासारखी.

पुढचा दीड महिना वन्सं पुठ्ठा नाकाशी धरून रंगवत होत्या. एकेक टाका बघायचा, रंग कालवायचा, फळीवर लावायचा. चित्र पुरं झालं आणि दोनच दिवसांनी साखर खाली आली. उजवा डोळा आधी झाला.

पट्टी सुटली तेव्हा मी शेजारी होते. वन्संनी आधी चादरीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे, मग खिडकीकडे. डावा डोळा झाकला, उघडला, उजवा झाकला, उघडला. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, किती बोटं, तिकडे लक्षच नाही.

"वहिनी, एकाच खाटेवर दोन चादरी आहेत," त्या कुजबुजल्या. "या डोळ्याने निळी, त्या डोळ्याने ताकाच्या कढीसारखी. कोणती खरी?"

"धोब्याला विचारते," मी म्हटलं. पण मीही त्या स्टुलावर बसून आले होते. प्रश्न चेष्टेचा नाही हे मला आता कळत होतं.

घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता त्या चित्रासमोर गेल्या. उभ्या राहिल्या. आणि तिथेच फरशीवर बसल्या.

"हा निळा कोणी ओतला?"

वरचे सगळे चौकोन निळीच्या पुडीत बुडवल्यासारखे होते. टाका जांभळा हे माझ्या तोंडून ऐकलेलं, पण पिवळ्या डोळ्याला फळीवर निळा दिसेना, म्हणून दिसेपर्यंत त्या घालत गेल्या होत्या. भिंत गेली, उजेड गेला आणि जे राहिलं ते खोटं.

"तुला दिसत होतं का हे?" त्यांनी विचारलं.

"दिसत होतं."

"पहिल्यापासून?"

"तिसऱ्या चौकोनापासून."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "तुमच्या चित्रातलं मला काय कळतं, हे पन्नास वर्षं तुम्हीच सांगत आलात. मला वाटलं, कला असेल."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. एका डोळ्याने, त्या नव्या. मग भिंतीला धरून उठल्या, खुंटीवरचा पुठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला.

"पुठ्ठा तर खरा आहे ना?"

"त्यात मी कोणाचं ऐकत नाही."

"मग बस स्टुलावर. आणि या वेळी तोंड उघड."

आता मी वडिलांच्या सूत्राने गेले. वाळलेल्या रंगावर धागा आडवा ठेवायचा. इथे ते चालत होतं, कारण आता दोघांना एकाच उजेडात भिजवायचंच होतं. धागा दिसला की मी म्हणायचे "दिसतोय", आणि वन्सं वरून पुन्हा रंग द्यायच्या. दिसतोय. अजून दिसतोय. जरा मळका करा. अहो, एवढा नाही. बाईच्या हातून रंग घेऊन मीच कालवावा असं मला दोनदा वाटलं, एकदा मी कालवलाही. त्यांनी तोच लावला. तीन आठवड्यांनी त्रेसष्टाव्या चौकोनावर मी धागा ठेवला आणि तो मलाच सापडेना. बोटाने चाचपून काढावा लागला.

"गेला," मी म्हटलं.

वन्संनी ब्रश पाण्यात टाकला. "मागे सही तू कर."

"मी?"

"येते ना?"

"चौथी पास आहे मी."

आम्ही दोघींनी केली. माझी वाकडी आली, पण रंग चांगला आहे.

चित्र त्याच भिंतीवर लावलं, दाराशेजारी, पेन्सिलीच्या खुणा होत्या तिथेच.

समोरची इमारत आता पुरी झाली होती. गवंडी जायच्या आधी एकदा पाणी मागायला वर आला. खरं तर त्याला खाली नळ होता. तांब्या हातात घेऊन तो आतल्या खोलीच्या दारात आला आणि चालता चालता थांबला. दुपार होती, साधारण चारचीच वेळ. खोलीत अंधारच होता, त्यानेच केलेला.

तो त्या भिंतीकडे पाहत राहिला. वर ती जांभळट राख, मधे मधासारखं काहीतरी ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही, खाली फरशीचा गुलाबी हळूहळू वर चढतोय. मग त्याने मान वळवली आणि मागे खिडकीकडे पाहिलं, ऊन कुठून येतंय ते बघायला. खिडकीत त्याचीच भिंत होती.

त्याने पुन्हा चित्राकडे पाहिलं. पुन्हा खिडकीकडे. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

"आजी," तो हळूच म्हणाला, देवळात बोलतात तसं, "तो कोपरा मी भरला होता ना?"

"भरला होता," वन्सं म्हणाल्या. "चांगला भरलात. ओळंब्यात आहे."